कामगिरी आणि हेलपाटा

हेलपाटा हा शब्द आपल्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. एखाद्या दाखल्यासाठी तालुक्याच्या गावी जावे, 'साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या' असे ऐकावे आणि संध्याकाळच्या बसने परत फिरावे, याला हेलपाटा म्हणतात. त्यात अंतर असते, श्रम असतात, दिवस जातो. परंतु माणूस जसा गेला तसाच परत येतो. कामगिरी या शब्दाला मात्र मराठीत वेगळे वजन आहे. कामगिरीवर गेलेला माणूस परतला तर तो थोडा वेगळा होऊन परततो, आणि त्याने काय केले हे ऐकायला गाव जमते.

इंटरनेटवर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाप्रधान खेळांत 'क्वेस्ट' नावाचा जो प्रकार असतो, त्याला मराठीत कामगिरी म्हणता येईल. पण नव्यानेच खेळू लागलेल्या मुलाला विचारा. आमच्या दहावीतला एक विद्यार्थी सुटीनंतर तक्रारीच्या सुरात म्हणाला, "सर, नुसतं इकडून तिकडं पाठवायलेत. कशासाठी ते कळंनाच." या एका वाक्यात मला समीक्षेचा सगळा प्रश्न दिसतो. खेळांवर कसली समीक्षा लिहायची, असे आमच्या पिढीतील काही वाचक म्हणतील. जिथे पात्रे आहेत, प्रसंग आहेत आणि नायकाला कुणीतरी काहीतरी करायला सांगते, तिथे कथा आली. आणि कथा आली की तिचे गुणदोष पाहणे आले. एके काळी कादंबरीसुद्धा घरातल्या वडीलधाऱ्यांपासून लपवूनच वाचावी लागे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळणारा बहुरूप्यासारखे एक सोंग घेतो, कुणी योद्ध्याचे, कुणी मांत्रिकाचे, आणि एका काल्पनिक देशात उतरतो. त्याच देशात त्याच वेळी हजारो माणसे आपापल्या घरून सोंगे घेऊन वावरत असतात. याचा मूळपुरुष म्हणजे १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचलेला 'मड' हा खेळ. त्यात चित्र एकही नव्हते, सगळा कारभार शब्दांचा. १९९९ च्या मार्चमध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला. त्यात समोरच्या पात्राला नमस्कार टंकायचा आणि त्याच्या बोलण्यातला नेमका शब्द पकडून त्याच शब्दाने पुढचा प्रश्न विचारायचा. शब्द हुकला की पात्र मख्ख उभे. आमच्या वेळच्या तोंडी परीक्षेची आठवण यावी असा हा प्रकार.

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' सुरू झाला आणि त्याने हा व्यवहार सोपा केला. काम सांगणाऱ्या पात्राच्या डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह दिसते. काम पुरे झाले की त्याच जागी प्रश्नचिन्ह येते. मराठी शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला याची गंमत वाटते. आधी उद्गार आणि मग प्रश्न! चांगल्या गोष्टीत हा क्रम नेमका उलटा असतो.

या खेळात बॅरन्स नावाचे एक विस्तीर्ण माळरान आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या माळासारखेच, पिवळे आणि संपता न संपणारे. तिथे झेवरा नावाचे, झेब्र्यासारखे दिसणारे जनावर फिरते. नवख्याला कामगिरी मिळते ती अशी की झेवऱ्याचे चार खूर घेऊन ये. जनावराला पाय चार, म्हणजे एका शिकारीत काम भागावे, असा साधा हिशेब कोणीही करील. पण एक झेवरा मारला, दुसरा मारला, तिसरा मारला, तरी हाती खूर लागत नाही. चार पायांवर उधळणारे जनावर मेल्यावर बिनखुरी निघते! कारण खूर द्यायचा की नाही हे संगणक प्रत्येक वेळी आतल्या आत फासे टाकून ठरवतो. खेळणाऱ्याच्या नेमाशी वा बुद्धीशी त्याचा संबंध नसतो. रचनाकाराला वेळ भरून काढायचा असतो, कारण हे खेळ महिन्याच्या वर्गणीवर चालत आले. जितके दिवस झेवऱ्यामागे धावाल तितके दिवस वर्गणी चालू राहणार.

त्याच माळावर मॅनक्रिक नावाचे एक पात्र उभे असे. लढाईत त्याची आणि त्याच्या बायकोची ताटातूट झालेली. तो येणाऱ्याजाणाऱ्याला विनवतो की तिचा शोध घ्या. ती कुठे असावी याचा सांगितलेला पत्ता इतका मोघम होता की नवखे खेळाडू माळभर भटकत आणि सर्वांना दिसेल अशा गप्पांच्या ओळीत विचारत राहत, 'मॅनक्रिकची बायको कुठे आहे?' हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला की त्या खेळाच्या जगात तो थट्टेचा विषय होऊन बसला. शोधता शोधता ती सापडते, तेव्हा तिथे मारहाण झालेले एक प्रेत पडलेले असते. म्हणजे मुळात ही एका विधुराची गोष्ट होती. पण शोधणारा तिथवर पोचेपर्यंत इतका वैतागलेला असे की मॅनक्रिकचे दुःख त्याच्यापर्यंत पोचायला जागाच उरत नसे. करुणरस मांडणाऱ्याने वाचकाला आधी थकवून टाकले तर काय होते, याचे इतके चांगले उदाहरण मला अलीकडच्या साहित्यातही आठवत नाही.

२००९ च्या डिसेंबरात या खेळाच्या नकाशावरच कामगिरीच्या जागा खुणा करून दाखवण्याची सोय आली. वैताग संपला. परंतु मजकूर वाचण्याचे कारणही संपले. आता खूण पाहायची, तिकडे धावायचे, मारायचे, परतायचे. बायको हरवली काय आणि बकरी हरवली काय, खूण एकच. गंमत पुढेच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने खेळाची जुनी, बिनखुणांची आवृत्ती पुन्हा काढली आणि लोक आवडीने तिच्याकडे परतले. तक्रार करणारेच परतले, हे पाहून पुष्कळांना नवल वाटले; मला फारसे वाटले नाही. परगावी गेलेला माणूस वेशीवर थांबून 'पाटलांचा वाडा कुठला हो?' असे विचारतो, तेव्हा त्याला पत्ता मिळतो आणि गावातला एक माणूसही मिळतो. बॅरन्सच्या माळावर त्या एका प्रश्नाने किती अनोळखी माणसे एकमेकांशी बोलली असतील!

तेव्हा तेच ते काम पुन्हा पुन्हा करावे लागते, हा या खेळांचा मुख्य दोष मानायला मी तयार नाही. वेताळपंचविशी घ्या. राजा स्मशानातल्या झाडावरून प्रेत खांद्यावर घेतो आणि चालू लागतो; वेताळ त्याला बोलते करतो आणि पुन्हा झाडाला जाऊन लटकतो. राजा परत जातो. तेच झाड, तेच प्रेत, तीच वाट. आजच्या भाषेत याहून कंटाळवाणी क्वेस्ट सांगता येणार नाही. तरी शतकानुशतके ती गोष्ट लोक ऐकत आले, कारण प्रत्येक खेपेला खांद्यावरचा वेताळ एक नवी कहाणी सांगतो आणि शेवटी असा प्रश्न घालतो की उत्तर ठाऊक असून गप्प राहावे तर डोक्याची शकले होतील, आणि बोलावे तर वेताळ निसटेल. राजाची पायपीट एकच, पण बुद्धीची परीक्षा दर वेळी नवी. झेवऱ्याच्या मागे धावणाऱ्याला कोणी काही विचारतच नाही.

गाणगापूर आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातले. गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातील नरहरीची कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. कुष्ठाने ग्रासलेल्या नरहरीला गुरू एक वाळलेले औदुंबराचे लाकूड देतात आणि संगमावर ते रोवून त्याला रोज पाणी घालायला सांगतात. लोक हसतात. वाळके लाकूड कधी पालवते काय? तो घालत राहतो. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने पाहावा. मी केवळ रचनेकडे बोट दाखवतो. कथाकाराने काम क्षुल्लक ठेवले, रोजचे ठेवले, फळ दृष्टीआड ठेवले, आणि हसणारे लोक शेजारी आणून उभे केले. त्या हसण्यामुळे घागरीच्या प्रत्येक खेपेला अर्थ येतो. (जाता जाता सांगायचे तर हा ग्रंथ लिहिणारा सरस्वती गंगाधर मूळचा कानडी भाषक होता, असे अभ्यासक मानतात. आपल्या दुभाषी मुलखात याचे कुणाला नवल वाटू नये.)

दामाजीपंतांची कथा तर थेट बेदरच्या दरबारात येऊन पोचते. दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी खुले केले, त्या धान्याची रक्कम विठू महार होऊन प्रत्यक्ष विठ्ठल बादशहाकडे भरतो आणि पावती घेतो. हे काम नुसते पाहिले तर काय आहे? पिशवी पोचवायची आणि पावती आणायची. या खेळांतील निम्म्या कामगिऱ्या अशाच असतात. पण पिशवी कुणाच्या खांद्यावर आहे आणि ती न पोचली तर कुणाचे प्राण जातील, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. म्हणून महिपतींच्या भक्तविजयातील ती पावती वाचताना आजही घसा दाटतो.

चांगली उदाहरणे खेळांतही आहेत, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. २००१ सालच्या 'रूनस्केप' या इंग्लंडमधील खेळात नवख्याला भेटणारी एक कामगिरी वाड्याच्या स्वयंपाकघरातली आहे. सरदाराचा वाढदिवस, केक करायचा आहे, आणि आचाऱ्याकडे अंडे, दूध, पीठ काहीच नाही. खेळाडूने गाईची धार काढायची, शेतातून गहू आणायचा, पवनचक्कीच्या माळ्यावर तो टाकायचा आणि खाली येऊन पीठ भरून घ्यायचे. इतक्यात त्याची गावाशी ओळख होते. आपल्या उंदराच्या टोपीची गोष्ट याच जातीची. सापडलेली चिंधी धोब्याकडे, तिथून रंगाऱ्याकडे, मग शिंप्याकडे, मग गोंडे लावायला. चार वर्षांच्या पोराला त्या एका चिंधीतून सगळा बलुता कळतो आणि कंटाळा म्हणून येत नाही.

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली खेळणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आणि त्यांना पत्त्यांच्या रंगांची उपमा दिली. मिळकतीमागे लागणारे ते चौकट, जग खणून पाहणारे ते इस्पिक, माणसांत रमणारे ते बदाम आणि इतरांना झोडपणारे ते किलवर. ही मांडणी मला पटते. मात्र नवख्याला तिच्यात जागा नाही. त्याचा रंग अजून ठरायचा असतो, आणि रचनाकार त्याला पहिल्या तासातच चौकटीचा समजून खुरांची मोजदाद करायला बसवतो.

आपल्या मुलांपुढे याखेरीज आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याविषयी बाहेरचे समीक्षक बोलत नाहीत. घरी मराठी, रस्त्यावर आणि कचेरीत कन्नड, वर्गात जे माध्यम असेल ते, आणि पडद्यावर इंग्रजी. २०२० च्या सप्टेंबरात आलेला 'गेनशिन इम्पॅक्ट' मोबाइलवरही चालतो. त्यात रोज चार लहान कामे मिळतात आणि पुष्कळ कामांआधी पात्रे लांबण लावून बोलतात. तो सुरू झाला तेव्हा त्यात एकही भारतीय भाषा नव्हती. औराद किंवा आळंदचा मुलगा ते इंग्रजी संभाषण भराभर पुढे ढकलतो, कारण त्याला त्यातले निम्मे कळत नाही आणि उरलेले वाचण्याचे कारण दिसत नाही. गोष्ट गळून पडते, हाती उरतो बाण. त्याच्या लेखी क्वेस्टचा हेलपाटा होतो, तो रचनेमुळे जितका, तितकाच भाषेमुळे.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला 'राजी' हा खेळ या संदर्भात पाहण्यासारखा आहे. तो इंटरनेटवरचा सामुदायिक खेळ नव्हे. एकट्याने खेळायचा, आटोपशीर. डोंबारी खेळ करणारी राजी नावाची मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात, आणि ती त्याला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संभाषणातून निवेदन पुढे सरकते. त्यातील मारामारी मला एकसुरी वाटली. पण 'कशासाठी' हा प्रश्न पडत नाही. बहीण भावाला शोधते आहे, एवढे कळायला इंग्रजी लागत नाही.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना मी निबंधाऐवजी एक कामगिरी रचायला सांगितली. अट एकच, ती आपल्याच जिल्ह्यात घडली पाहिजे. बऱ्याच जणांनी बिदरच्या किल्ल्यात खजिना पुरला आणि महमूद गवानच्या मदरशात राक्षस बसवला. एका मुलाची वही निराळी होती. त्याच्या कामगिरीत आजोबांच्या ट्रंकेत निजामाच्या काळचा जमिनीचा एक कागद सापडतो. निम्मा उर्दूत, निम्मा मोडीत. घरातला चालू उतारा कन्नडमध्ये. तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय विहिरीची हद्द कळत नाही, आणि आजोबा अंथरुणाला खिळलेले. उर्दूसाठी मौलवीसाहेब गावातच भेटतात. कन्नड उताऱ्याला वर्गमित्राचे वडील आहेत. मोडी वाचणारा मात्र कुठे मिळत नाही. एका गावी सांगतात की पूर्वी एक कुलकर्णी होते, त्यांच्या मुलीला थोडेफार येते, पण ती उदगीरला दिलेली आहे. नायक सायकलवरून उदगीरच्या वाटेला लागतो, तिथे वही संपली होती.

ती बाई सापडते का, असे मी त्याला विचारले. "ते अजून ठरलं नाही, सर," तो म्हणाला, "आमच्या घरचा कागद खरंच वाचायचा राहिलाय."