मराठी रॉकचा गळा

सत्तरच्या दशकातल्या मुंबईच्या सायकेडेलिक रॉकला अलीकडे पुन्हा कान मिळू लागले आहेत. एका सिगारेट कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० आणि १९७१च्या तबकड्या परदेशातले संग्राहक शोधत असतात. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडचा ‘ऑब्सेशन ’७७’ हा अल्बम नव्याने निघाला. पण कौतुक होतं ते गिटारच्या घरघरीचं आणि घुमाऱ्याचं. गाणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. मला मात्र त्या काळाचा विचार करताना आधी नंदू भेंडे आठवतात.

वडील आत्माराम भेंडे, आई आशा भेंडे. ‘झोपी गेलेला जागा झाला’सारखे फार्स गाजवणाऱ्या रंगभूमीच्या घरातला हा मुलगा ‘वेल्व्हेट फॉग’ आणि ‘सॅव्हेजेस’ या बँडमध्ये इंग्रजी रॉक गायला. १९७४ साली अ‍ॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतिकेत तो जुडास झाला, येशूच्या भूमिकेत होता ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चा गायक मधुकर चंद्र दास. जुडासचं गाणं गोड गळ्याचं काम नव्हे. सूर फाटू द्यायचा आणि तरी सुटू द्यायचा नाही, ही त्यातली परीक्षा.

खरी गोष्ट घडली १९७८मध्ये. पुलंनी ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं, जब्बार पटेलांनी ते थिएटर अकादमीतर्फे बसवलं. भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर संगीताची बाजू नंदू भेंडे यांनीही सांभाळली आणि गुंड अंकुशची भूमिकाही केली. नाट्यगीत, लावणी, अभंग यांच्या शेजारी रॉक निःसंकोच उभा राहिला.

त्यातली गायकीची अडचण समजून घ्यायला हवी. आपलं नाट्यपद स्वरावर रेंगाळतं. ‘आ’काराला जागा मिळाली की गायक तिथेच मुक्काम ठोकतो. रॉकमध्ये ठोका व्यंजनावर पडतो, शब्द चावून फेकावा लागतो. मराठीत हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी पोवाडा ऐकावा. शाहीर ‘ट’, ‘ड’, ‘क’ यांवर नेमका असाच प्रहार करतो आणि मागचे झीलकरी त्याला उचलून धरतात. म्हणजे रॉकला लागणारी फेक मराठीत आधीपासून होती. ती गिटारजवळ नेणारा माणूस भेटला आणि नाटकाचे प्रयोग थांबल्यावर ती वाट तिथेच थांबली.

वडोदऱ्यात बसून लिहिताना ही हळहळ अधिकच वाटते. महाराजा सयाजीरावांनी १८८६ साली इथे मौलाबक्ष या गायकाच्या हाती गायनशाळा दिली. मौलाबक्षांचे चिरंजीव अल्लाउद्दीन लंडनला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आले. एका संस्थानाला दोन्ही संगीतं शिकण्याजोगी वाटली. त्यानंतर नव्वद वर्षांनी मराठी रॉक गाणाऱ्याला गुरू म्हणून होत्या त्या फक्त परदेशी तबकड्या. त्याला ना शाळा होती, ना मराठीत असं गाणं मागणारी रेकॉर्ड कंपनी.

सिनेमाने नंदू भेंडे यांचा उपयोग करून घेतला, पण आपल्या पद्धतीने. १९८२च्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे त्यांचं गाणं सगळ्यांच्या कानावर आहे. गाणारा मराठी रंगभूमीचा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २०१४च्या एप्रिलमध्ये ते गेले.

आज मराठी चित्रपटगीतांत कर्कश गिटार सर्रास वाजते. कान देऊन ऐकलं तर वाद्यमेळ रॉकचा असतो आणि गळा भावगीताचाच. ओळ संपली की तोच हळुवार हेलकावा, तीच मऊ मींड. ध्वनिमुद्रणाची सोय आता घरोघरी आहे, वादक तयारीचे आहेत, त्यामुळे साधनांची सबब उरलेली नाही. कमी आहे ती शब्द फेकण्याच्या रियाजाची, आणि त्यासाठी शाहिराच्या डफाशेजारी बसायची तयारी मला आजच्या फार थोड्या गायकांत दिसते.