हिल डिस्ट्रिक्ट आणि ‘करपा’ : ऑगस्ट विल्सन यांच्या नाटकांतील वस्ती

ऑगस्ट विल्सन (१९४५–२००५) यांच्या नाट्यदशकातील नऊ नाटके पिट्सबर्ग या सुमारे तीन लाख लोकसंख्येच्या अमेरिकन शहरातील हिल डिस्ट्रिक्ट या एकाच वस्तीत घडतात. टीकाकारांनी या वस्तीला बहुधा समस्त कृष्णवर्णीय अमेरिकेचे प्रतीक मानले आहे. हे मत निराधार नव्हे; परंतु तिला रस्ते, घरक्रमांक आणि बाजारभाव आहेत, याचा त्यामुळे विसर पडतो.

१९५६ पासून नगरपुनर्रचनेच्या नावाखाली वस्तीचा खालचा भाग पाडण्यात आला. सुमारे आठ हजार रहिवासी विस्थापित झाले व १९६१ मध्ये तेथे सिव्हिक अरीना हे भव्य क्रीडागृह उभे राहिले. (अर्धशतकानंतर तेही पाडण्यात आले.) अमेरिकेतील अशा पाडकामास आधार देणारा सरकारी शब्द ‘ब्लाइट’ हा होय. शब्द शेतीतला, अर्थ, पिकावरील करपा. वस्तीवर करपा पडला असे एकदा ठरले की तो कोणी आणला हा प्रश्नच उरत नाही. कारण रोग हा पडत असतो, त्याला कर्ता नसतो. अशा शब्दांचे व्याकरणच सोयीचे असते.

‘टू ट्रेन्स रनिंग’मधील (काळ १९६९) खानावळवाला मेम्फिस या परिभाषेच्या वाटेसच जात नाही. पंचवीस हजार डॉलर ही आपली किंमत तो घोकत राहतो, आणि अखेर पस्तीस हजार मिळवतो. याउलट ‘रेडिओ गोल्फ’मध्ये (काळ १९९७) हिलमधूनच वर आलेले हार्मंड व रूझवेल्ट हे दोघे भागीदार, वस्ती ‘ब्लाइटेड’ ठरल्याची वार्ता कळताच आनंदाने नाचू लागतात. कारण त्या शिक्क्यावाचून सरकारी पैसा मिळावयाचा नाही. वाडवडिलांची घरे पाडणारा शब्द येथे शुभवार्ता झाला आहे.

या नाटकात पूर्वीच्या नाटकांतील दीर्घ, लयबद्ध स्वगतसदृश भाषणे क्वचितच आढळतात, हा त्यावरील आक्षेप वस्तुस्थितीस धरून आहे. तथापि तो दोष मानणे घाईचे होईल. या भागीदारांची भाषा कचेरीतल्या कागदांची आहे. जुनी बोली उरली आहे ती ओल्ड जो आणि ‘टू ट्रेन्स रनिंग’मधूनच आलेला स्टर्लिंग यांच्या तोंडी. वादाचे घर आहे १८३९, वायली अॅव्हेन्यू. ‘जेम ऑफ द ओशन’मध्ये (काळ १९०४) याच पत्त्यावर आंट एस्टर राहत असे. पाडण्याच्या यादीतील या घराला ओल्ड जो रंग देऊ लागतो. घर आपले आहे, एवढेच त्याचे म्हणणे.