नसण्याचा पुरावा: ‘डॉक्टर हू’ अरब देशांत कुठे कुठे दिसली?

आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहसा येत नाही. एक ब्रिटिश दूरदर्शन मालिका साठ-सत्तरच्या दशकांत अरबी बोलणाऱ्या देशांत कुठे, कधी, कोणत्या भाषेत दाखवली गेली, याचा माग काही हौशी अभ्यासक वर्षानुवर्षं काढत आहेत. त्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि त्याच्यावर टीकाही करायची आहे. दोन्ही एकाच वेळी करता येतं, नाही का?

आधी पार्श्वभूमी. बीबीसीवर ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 ला दाखवला गेला, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या सहा वर्षांत कृष्णधवल असे 253 भाग झाले. ते व्हिडिओ टेपवर होते. टेप महाग आणि पुन्हा वापरता येण्यासारखी. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा. शिवाय रंगीत दूरदर्शन येऊ घातलेलं, तेव्हा काळ्या-पांढऱ्याला कोण विचारणार? म्हणून 1967 ते 1978 या काळात बीबीसीने या टेपा पुसल्या, आणि पुढे फिल्मच्या प्रतीही फेकून दिल्या.

मग जे वाचलं ते कसं वाचलं? परदेशी विक्रीमुळे. बाहेरच्या केंद्रांना विकण्यासाठी टेपवरून 16 मिलिमीटर फिल्मच्या प्रती काढल्या जात. एका देशात दाखवून झालं की तीच प्रत पुढच्या देशाला पाठवायची, किंवा परत करायची, किंवा नष्ट करायची, असा व्यवहार होता. आता सगळं काही सांगितल्याप्रमाणे होतं थोडंच! कुठे डबा कोपऱ्यात राहून गेला, कुठे एखाद्या संग्राहकाच्या हाती लागला. हाँगकाँगहून एक अख्खी कथा परत आल्याचं 1992 मध्ये जाहीर झालं. सायप्रसहून काही भाग आले. नायजेरियातून आलेले नऊ हरवलेले भाग 2013 मध्ये जाहीर झाले, आणि त्यानंतर बेपत्ता भागांचा आकडा 97 वर आला. लखनौत जन्मलेले वारिस हुसेन यांनी पहिली कथा दिग्दर्शित केली, ती आहे. त्यांच्याच ‘मार्को पोलो’चे सातही भाग त्या बेपत्तांच्या यादीत.

म्हणजे बघा, केंद्राने जे पुसलं ते परिघाने सांभाळलं. लंडनमध्ये मूळ नाही आणि जॉसच्या एका खोलीत प्रत आहे. अशा वेळी ‘मूळ’ आणि ‘प्रत’ हे शब्द आपण जरा जपून वापरायला हवेत.

अरब देशांचा माग याच कारणासाठी काढला जातो. पद्धत साधारण तिहेरी आहे. एक, बीबीसीची विक्रीची कागदपत्रं. दोन, त्या त्या देशातल्या वर्तमानपत्रांत छापलेले रोजचे कार्यक्रम. तीन, प्रत्यक्ष फिल्म, तिच्यावरच्या खुणा, काटछाट, आवाज.

यातलं दुसरं काम फार चिकाटीचं आहे. आधी चौकट आखावी लागते. इराकमध्ये दूरदर्शन 1956 ला आलं, लेबनॉनमध्ये 1959 ला, इजिप्तमध्ये 1960, कुवेतमध्ये 1961, सौदी अरेबियात 1965, ट्युनिशियात 1966, जॉर्डनमध्ये 1968, ओमानमध्ये तर 1974. केंद्रच नव्हतं तेव्हाचं प्रक्षेपण शोधण्यात अर्थ नाही. मग तारखा. सौदीत त्या काळी सरकारी कालगणना हिजरी होती, ती इसवी सनात बसवायची. मग नाव. अरबीत ‘हू’ हा उच्चार अक्षरांत लिहिला, तर जो शब्द तयार होतो तो अरबी वाचक ‘हुव’ असा वाचणार, आणि त्याचा अर्थ ‘तो’. भाषांतर केलं तर ‘कोण’साठी ‘मन्’ येणार. मालिकेच्या नावातला प्रश्नच लिपी बदलताना गळून पडू शकतो. आणि कार्यक्रमांच्या रकान्यात नुसतं ‘परदेशी मालिका’ एवढंच छापलेलं असेल, तर नाव शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

इथे मला आपल्या दर्शनांतली एक जुनी चर्चा उपयोगी वाटते. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही हे ज्ञान मला होतं. पण त्यांनी एक अट घातली आहे: ती अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. घट असता तर तो मला दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घट नाही असं म्हणता येत नाही. साधी गोष्ट आहे, पण विसरायला फार सोपी.

आता ही अट एका प्रसिद्ध उदाहरणाला लावून बघू. 1965 च्या मार्च-एप्रिलमध्ये ‘द क्रुसेड’ ही चार भागांची कथा आली. लेखक डेव्हिड व्हिटेकर, दिग्दर्शक डग्लस कॅमफिल्ड. इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि सलाहुद्दीन यांच्यातल्या युद्धाचा काळ. तिचे आज दोनच भाग आहेत, पहिला आणि तिसरा. त्यातला पहिला 1999 मध्ये न्यूझीलंडच्या एका फिल्म-संग्राहकाकडे सापडला. या कथेबद्दल नेहमी सांगितलं जातं की ती मध्यपूर्वेत विकली गेली नाही, आणि लगेच कारणही जोडलं जातं: विषय धर्मयुद्धाचा, अरब प्रेक्षकांना तो रुचला नसता.

हे वाक्य इतक्या सहज पुढे जातं की त्यात दोन वेगळी विधानं आहेत हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पहिलं विधान: विक्री झाली नाही. दुसरं: विषयामुळे झाली नाही. पहिलं अनुपलब्धीवर उभं आहे, तर तिथे योग्यतेची अट लावा. ‘द क्रुसेड’ ही मालिकेतली चौदावी कथा. एखाद्या देशाने सुरुवातीच्या पाच-सहा कथाच घेतल्या असतील, तर चौदावी तिथे नसणं काहीच सांगत नाही. त्या देशाने तेरावी आणि पंधरावी घेतली आणि मधली चौदावीच गाळली, असं दिसलं, तरच ते ‘नसणं’ बोलू लागतं. म्हणून प्रत्येक देशाची यादी वेगळी तपासायला हवी. ‘अरब देश’ असा एक गठ्ठा बांधला की अट मोडली.

दुसरं विधान अधिक नाजूक आहे. न विकण्याचे दोन प्रकार असतात. एक, दुकानदाराने माल दाखवला आणि गिऱ्हाइकाने नको म्हटलं. दोन, दुकानदाराने मनाशी ठरवलं की याला हे चालणार नाही, आणि माल पुढे ठेवलाच नाही. वहीत दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात, कोरी जागा. पण पहिल्यात अरब प्रेक्षकाबद्दल काही कळतं, दुसऱ्यात फक्त लंडनमधल्या विक्री-विभागाच्या कल्पनेबद्दल. कोऱ्या जागेवरून ‘त्यांना सहन झालं नसतं’ असं म्हणणं, म्हणजे ज्यांना कुणी विचारलंच नसेल त्यांच्या तोंडी उत्तर घालणं.

आणि तो विषय त्या समाजात वर्ज्य होता असं तर मुळीच नव्हतं. 1963 मध्येच, म्हणजे ‘डॉक्टर हू’ सुरू झाली त्याच वर्षी, युसेफ शाहीन यांचा ‘अल-नासिर सलाह अद-दीन’ हा भव्य इजिप्शियन चित्रपट आला. अहमद मझहर यांनी सलाहुद्दीन केला. त्यात रिचर्ड आहे, जेरुसलेम आहे, सलाहुद्दीनच्या बाजूने लढणारा ख्रिस्ती अरब इसा आहे. नासरच्या राजवटीत ‘नासिर’ या शब्दाचा रोख कुणाकडे होता हे प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. धर्मयुद्धाची गोष्ट त्यांना नको होती असं नाही. ती गोष्ट कोण सांगतो आणि कोणत्या बाजूने, हा प्रश्न होता.

मग बीबीसीची कथा कोणत्या बाजूची? इथे खऱ्या अर्थाने समीक्षा सुरू होते. व्हिटेकरचा सलाहुद्दीन शांत, विचारी, रिचर्डपेक्षा समंजस आहे. रिचर्ड आपल्या बहिणीचं, जोआनाचं, लग्न सलाहुद्दीनच्या भावाशी लावून तह करू बघतो, आणि त्या प्रस्तावाला 1191 च्या वाटाघाटींचा ऐतिहासिक आधार आहे. त्या काळच्या मुलांच्या मालिकेसाठी हे बरंच प्रगल्भ लेखन आहे. पण सलाहुद्दीनची भूमिका बर्नार्ड के हा इंग्रज नट तोंडाला रंग लावून करतो. आणि एल अकीर नावाचा खलनायक, त्याचा जनानखाना, त्याची क्रूरता हे सगळं पौर्वात्य देशांबद्दलच्या ठरीव साच्यातून उचललेलं आहे. एकाच कथेत उदारपणा आहे आणि साचाही आहे. एखाद्या बैरूतच्या किंवा ट्युनिसच्या प्रेक्षकाने ती पाहिली असती, तर या दोहोंपैकी त्याला काय आधी दिसलं असतं? हा प्रश्न ‘विषय रुचला नसता’ या एका वाक्याने मिटवून टाकला जातो. माझी मुख्य तक्रार ती आहे.

आता उलट बाजूचं उदाहरण. ‘द ॲझ्टेक्स’ ही 1964 ची कथा, मालिकेतली सहावी, जॉन लुकारॉटी यांची. बार्बरा ही इतिहासाची शिक्षिका. ॲझ्टेक लोक तिला देवीचा अवतार समजतात, आणि ती त्या अधिकाराचा वापर करून नरबळी थांबवायला जाते. डॉक्टर तिला बजावतो की इतिहास बदलता येत नाही. चौथ्या, शेवटच्या भागात ती हरते. नेमक्या या चौथ्या भागाचा अरबी आवाज टिकून राहिला आहे. 2002 च्या डीव्हीडीवर तो ऐकता येतो, पण एक जादा गंमत म्हणून दिलेला.

गंमत? मला तर हा या सगळ्या शोधातला फार मोलाचा पुरावा वाटतो. मीमांसकांची ‘अर्थापत्ती’ आठवा. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे, तर तो रात्री जेवतो असं मानावंच लागतं. तसंच इथे. अरबी आवाज आहे, तर कुणीतरी संहितेचं भाषांतर केलं असणार, नटांनी माइकपुढे उभं राहून संवाद म्हटले असणार, आणि हा खर्च करावा इतके प्रेक्षक समोर आहेत असं कुणाला तरी वाटलं असणार. अरब केंद्रांवर परदेशी मालिका बहुधा खाली अक्षरं देऊन दाखवत. आवाज बदलण्याची मोठी लाट नंतरची, आधी जपानी कार्टून आणि मग मेक्सिकन मालिका. त्या पार्श्वभूमीवर हे काम मुद्दाम केलेलं आहे. इतिहास बदलता येतो का, हा वाद एका इंग्रज शिक्षिकेने आणि एका म्हाताऱ्या प्रवाशाने अरबीत घातला. ते ऐकताना समोर बसलेल्या माणसांच्या मनात काय आलं असेल, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

पण शोधकांच्या यादीत हा प्रश्न बसत नाही, कारण ती यादी दुसऱ्याच गोष्टीसाठी बनवलेली आहे: डबा कुठे आहे? या दृष्टीला अरब देश म्हणजे एक माळा. वर चढायचं, आपली हरवलेली वस्तू शोधायची, सापडली की खाली उतरायचं. माळ्यावर कोण राहत होतं, याची विचारपूस नाही. मी हे कुणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. हरवलेल्या वस्तूबद्दलची ओढ खरी असते. ‘आलम आरा’ची प्रत उरलेली नाही, हे माहीत असलेल्या आपल्या लोकांना ती ओढ समजावून सांगायला नको. पण प्रेम खरं असलं म्हणजे दृष्टी पुरेशी असते असं होत नाही.

शोधकांनी काय करावं, असं मला विचाराल, तर तीन गोष्टी सांगेन. कोऱ्या जागेपुढे कारण लिहू नका, आधी ती कोरी जागा ‘योग्य’ आहे का ते तपासा. ‘दिलं नाही’ आणि ‘घेतलं नाही’ यांचे दोन वेगळे रकाने करा. आणि तिसरा रकाना उघडा तो प्रेक्षकांचा. त्या काळी लहान असलेली माणसं आज माझ्या वयाची आहेत, आणि अरबीत त्यांना विचारणारं कुणीतरी हवं. फिल्मचा डबा तीस वर्षांनी सापडू शकतो, तसं झालेलंही आहे. माणसांच्या आठवणींना तेवढी मुदत नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.