अंगुलिमुद्रांचा पुरावा : परिणामकारकतेची कसोटी कोणती?

अंगुलिमुद्रेच्या पुराव्याविषयीच्या विवेचनाचा आरंभ बहुधा बोटांवरील रेषांच्या अनन्यतेपासून केला जातो, आणि त्या अनन्यतेवरूनच तपासातील उपयुक्तता सिद्ध झाली असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहणे अवश्य आहे. रेषांची अनन्यता हा निसर्गाचा गुण होय. घटनास्थळावरील ठसा न बिघडता न्यायालयापर्यंत पोहोचविणे हे माणसांचे काम होय. परिणामकारकतेचा प्रश्न या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

या शास्त्राचा भारतातील इतिहासही सावधगिरीच शिकवितो. १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. तेथील वर्गीकरणपद्धती एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली, तरी तिच्या घडणीत अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा होता. जलपायगुडीच्या चहामळ्यातील व्यवस्थापकाच्या खुनाच्या १८९८ मधील खटल्यात रक्ताचा ठसा एका जुन्या गुन्हेगाराच्या नोंदीशी जुळला. तथापि न्यायालयाने त्यास चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल नव्हे. ठसा हात लागल्याचे सांगतो. हात का व केव्हा लागला हे सांगत नाही.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत ठसा हाती लागणे हेच प्रथम कठीण असते. दगडमातीची भिंत, सारवलेली जमीन, रंधा न मारलेले लाकूड यांवर ठसा सहसा टिकत नाही. लोखंडी कपाट, स्टीलचे डबे, आरशाची काच यांवर तो मिळू शकतो. उन्हाळ्यात पारा चाळिसांच्या वर गेला म्हणजे घामाचा ओलावा लवकर उडतो आणि भुकटीस धरून राहण्याजोगे फारसे काही उरत नाही. ऊसतोड वा सिमेंटकाम करणाऱ्या हातांच्या रेषाच पुष्कळदा झिजलेल्या असतात. त्यातच चोरीची वार्ता कळताच शेजारपाजार घरात जमतो, आणि जे पृष्ठभाग जपावयाचे तेच प्रथम हाताळले जातात. तज्ज्ञ येईपर्यंत गावात उंबऱ्यावर उभे राहू शकणारा माणूस म्हणजे पोलीस पाटील. म्हणून या पुराव्याचे यश प्रयोगशाळेइतकेच त्याच्या शिक्षणावर अवलंबून आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) अन्वये सात वा अधिक वर्षांच्या शिक्षेस पात्र गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळास भेट देणे आवश्यक ठरते. ही तरतूद राज्याने पाच वर्षांच्या आत अधिसूचनेद्वारे अमलात आणावयाची आहे. राहत्या घरातील चोरीस सात वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने साधी घरफोडीही तीत येते. किनवट-माहूरचा डोंगराळ भाग नांदेडपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, हे ध्यानी घेता ही तरतूद मनुष्यबळाची केवढी मागणी करते ते उघड होते.

संगणकीय नोंदसंग्रहाचा लाभ मात्र निःसंशय आहे. देगलूर, उदगीर, निलंगा हे तालुके तेलंगण वा कर्नाटकाच्या सीमेलगतचे आहेत. १९५६ पूर्वी हा सारा टापू एकाच हैदराबाद राज्यात होता. पुढे नोंदी तीन राज्यांत विभागल्या गेल्या. २०२२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वयंचलित अंगुलिमुद्रा प्रणालीने ही भिंत दूर केली. परंतु संग्रह जितका मोठा, तितकी परक्या माणसाचा ठसा फसवे साम्य दाखविण्याची शक्यता अधिक. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटानंतर अमेरिकी तज्ज्ञांनी ठसा ब्रँडन मेफील्ड या ओरेगॉनमधील वकिलाचा ठरविला. स्पेनच्या पोलिसांनी तो दुसऱ्याच इसमाचा असल्याचे दाखवून दिले.

न्यायालयीन कसोटीही येथेच लागते. ठसे देण्याची सक्ती म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, हे काथी कालू ओघड प्रकरणी १९६१ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठरविले. पण मोहम्मद अमान प्रकरणी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पितळी भांड्यावरील जुळणाऱ्या ठशावर विसंबून शिक्षा कायम ठेवली नाही. जप्त वस्तू तज्ज्ञाकडे पोहोचेपर्यंत निर्विवादपणे सुरक्षित होत्या हे सिद्ध झाले नव्हते. तुलनेचे ठसेही दंडाधिकाऱ्यांसमक्ष घेतलेले नव्हते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाचा अभाव एवढ्यानेच पुरावा बाद होत नाही, असे आशिष जैन प्रकरणी २०१९ मध्ये म्हटले गेले. तरी ठशांच्या व जप्तीच्या सचोटीची अट सुटलेली नाही.

यावरून किती ठसे उचलले आणि किती जुळले, एवढ्या आकड्यांवर परिणामकारकता मोजणारी पद्धत अपुरी ठरते. घटनास्थळ अस्पर्शित असताना किती ठिकाणी पाहणी झाली, घरच्या माणसांचे ठसे तुलना करून वगळले काय, मोहोर व ताब्याची साखळी अखंड होती काय, आणि न्यायाधीशांनी पुरावा कोणत्या कारणाने स्वीकारला वा नाकारला, हे प्रश्न त्यापूर्वीचे आहेत. त्यांची उत्तरे पोलीस ठाण्यांतील नोंदवह्या व दोन्ही जिल्ह्यांच्या सत्र न्यायालयांतील निकालपत्रे एकत्र वाचल्यानेच मिळतील. संशोधकाने ही कष्टाची वाट टाळली, तर जुळलेल्या ठशाच्या जोरावर निरपराध माणूस अडकणे आणि ढिल्या मोहोरेमुळे अपराधी सुटणे, हे दोन्ही अन्याय त्याच्या कोष्टकात यशापयशाचे निव्वळ आकडे म्हणून नोंदले जातील.