प्रवासाचा हेडफोन कसा पारखावा



मागच्या खेपेला न्यायदर्शनातल्या 'अभाव' या पदार्थावर बोलून आम्ही खाली उतरलो, तेव्हा दोन-तीन तरुण श्रोते भोवती जमले. आम्हाला वाटलं, प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव यांतला फरक विचारतील. त्यांनी विचारलं ते असं: "सर, तुमच्या पिशवीतून डोकावतोय तो मोठा हेडफोन कोणता? आम्हालाही पुण्याला जाता-येता एक चांगला घ्यायचाय." मग ठरवलं, आज त्यावरच बोलू. हसू नका, विषय वाटतो तेवढा हलका नाही.

वर्ध्याहून पुणं म्हणजे रात्रभराची गाडी. बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड. मुलगी तिकडे असल्यामुळे गेली काही वर्षं हा मार्ग आमच्या अंगवळणी पडलाय. या काळात तऱ्हतऱ्हेचे हेडफोन आमच्या डोक्यावर बसले, काही स्वतःचे, काही जावयाकडून उसने आणलेले. त्यावरून बोलतोय.

पहिल्यांदा 'पूर्ण आकाराचा' म्हणजे काय ते पाहू. ज्याची गादी कानाच्या पाळीवर टेकत नाही, पाळीला वळसा घालून डोक्यावर बसते, तो. आपले नैयायिक म्हणतात की श्रोत्रेंद्रिय म्हणजे दुसरं काही नसून कर्णशष्कुलीने मर्यादित झालेलं आकाश. शष्कुली हा खरं तर तळणीचा पदार्थ, कानाच्या आकारावरून ते नाव इथे आलं, बरं का. तर पूर्ण आकाराचा हेडफोन लावणं म्हणजे त्या आकाशाभोवती दुसरी शष्कुली बसवणं. ती नीट बसली तर आत एक लहानशी खोली तयार होते, आणि फट राहिली तर बाकी सगळं व्यर्थ. चष्मेवाल्यांनी हे ध्यानात घ्यावं. चष्म्याची काडी गादीखाली गेली की तिथे फट पडते, खर्जातले स्वर तिथून निसटतात आणि गाडीचा खडखडाट तिथूनच आत शिरतो. दुकानात पारखायला जाल तेव्हा चष्मा लावूनच जा. आणि पाच मिनिटांत निर्णय देऊ नका, पाऊण तास डोक्यावर ठेवा. २५० ग्रॅम वजन दुकानात कळत नाही, अकोला ओलांडल्यावर कळतं.

दुसरा भेद उघड्या आणि बंद पाठीचा. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ सालचा हेडफोन अजूनही जाणकारांच्या जिभेवर आहे, आणि तो मान रास्तच आहे. घरी, रात्री, पंखा बंद करून त्यावर तंबोरा ऐकावा. पण त्याची पाठ जाळीची. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं, आणि ३०० ओमचा तो बोजा साध्या फोनला नीट पेलतही नाही. तो घरचा हेडफोन आहे. त्याला गाडीत आणून 'चांगला नाही' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. परीक्षणं लिहिणारे हा अन्याय सर्रास करतात. वस्तू कुठे वापरायची हे न सांगताच गुण देतात.

प्रवासाला बंद पाठीचाच हवा. त्यातही पुन्हा दोन जाती: नुसत्या गादीने आवाज अडवणारे, आणि नॉइज कॅन्सलेशनचे. ही दुसरी जात तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला मोह घालणारी आहे. हेडफोनवरचा माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या बरोबर उलटी लाट आत सोडतो. याचा चढ तिथे त्याचा उतार. दोन्ही मिळून शून्य. म्हणजे बघा, शांतता ही आवाजाचा अभाव आहे असं आपण धरून चालतो, आणि इथे ती आणखी एक आवाज घालून तयार केली जाते. मागच्या व्याख्यानातला आमचा सगळा व्यूह या यंत्राने तासाभरात मोडीत काढला असता.

कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला याचं अमेरिकी पेटंट जून १९३६ मध्ये मिळालं. त्याच वर्षी एप्रिलच्या ३० तारखेला गांधीजी आपल्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले होते. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आम्हाला तारखा जुळवायची खोड आहे, एवढंच. ती कल्पना प्रवाशाच्या कानापर्यंत आणण्यात मोठा वाटा अमर बोस यांचा. वडील ननी गोपाल बोस बंगालचे क्रांतिकारक, इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून सुटून अमेरिकेला गेलेले. मुलगा तिथे विद्युत अभियांत्रिकीचा प्राध्यापक झाला. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात मिळालेला हेडफोन त्याने लावला, इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडालं, आणि त्याच प्रवासात त्याने कागदावर गणित मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं, आणि तुमच्या-आमच्यासाठीचा क्वाएट कम्फर्ट २००० साली आला.

हा जन्म विमानातला आहे, हे विसरू नका. विमानाची घरघर खालच्या पट्टीतली आणि अखंड असते. यंत्राला तिचा अंदाज बांधता येतो. आपल्या एसी डब्यातला वरच्या ब्लोअरचा हुंकार, चाकांची खालची गडगड, हेही ते छान पुसतं. पण माणसांचं बोलणं, चहावाल्याची आरोळी, पोराचं रडणं यांना ते फारसं हात लावू शकत नाही, ते काम गादीचंच. आणि स्लीपर डब्यात, खिडकी उघडी, मे महिना? वारा थेट बाहेरच्या माइकवर आदळतो आणि यंत्र वाऱ्यालाच आवाज समजून भलतंच काही करत बसतं. तिथे आम्ही ते बंद करून टाकतो. उन्हाळ्याचं म्हणाल तर आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात कानाभोवती रेक्झिनच्या गाद्या म्हणजे शिक्षाच. दोन उन्हाळ्यांत त्या पापडासारख्या सुटू लागतात. म्हणून गादी बदलून मिळते का, हे आम्ही बॅटरीच्याही आधी विचारतो.

आता गाण्याकडे वळू. हेडफोन पारखायला आमच्याकडे दोनच कसोट्या आहेत. एक तंबोऱ्याची जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्या-वीणेच्या घोडीवर निबंध लिहिला. त्या पसरट घोडीमुळे तारेतून असे स्वरांश निघतात, जे साध्या तारेच्या नियमाने निघायलाच नकोत. चांगल्या हेडफोनवर ते स्वरांश एकामागून एक उमलताना ऐकू येतात, वाईटावर नुसती भुणभुण. दुसरी कसोटी म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या. तीन-तीन मिनिटांच्या, खरखरीने भरलेल्या. वरचे स्वर मुद्दाम उजळणारा हेडफोन त्या खरखरीची फोडणी करून टाकतो. आणि प्रवासाचे बरेच हेडफोन खर्ज फुगवतात, त्यात खाँसाहेबांचा सुईसारखा बारीक सूर दबून जातो. (मिरजेचे हे खाँसाहेब गेले तेही प्रवासातच. १९३७च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना गाडीत अस्वस्थ वाटलं म्हणून सिंगपेरुमल कोइलच्या लहानशा स्टेशनवर उतरले, आणि तिथल्या फलाटावरच त्यांनी देह ठेवला. त्या तबकड्या गाडीत ऐकताना आम्हाला हे आठवल्याशिवाय राहत नाही.)

या कसोट्यांवर ऑडिओ-टेक्निकाचा एम-५० एक्स बरा उतरतो. बंद पाठीचा, घडी होणारा, केबल सुटी करता येणारा, ३८ ओमचा, म्हणजे फोनलाही झेपतो. खर्ज थोडा जास्त आहे, पण बेताल नाही. मात्र हल्ली बऱ्याच फोनना केबल खोचायला भोकच ठेवत नाहीत, तिथे एक जोडतुकडा वेगळा घ्यावा लागतो. सोनीचा डब्ल्यूएच-१००० एक्सएम-४ हा २०२०चा, बिनतारी, आला तेव्हा किंमत तीस हजारांच्या घरात. नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून ३० तास बॅटरी, वजन २५४ ग्रॅम, आणि तोही घडी होतो. पुढच्या एक्सएम-५ मध्ये कंपनीने ती घडी काढून टाकली आणि २०२५च्या एक्सएम-६ मध्ये परत आणली. प्रवासी वस्तूची घडी काढावी असं कोणाला सुचलं असेल? असो. एक्सएम-४ मूळ अवस्थेत खर्ज फार ओततो, तो ॲपमध्ये जाऊन कमी करावा लागतो. मग जवारी दिसू लागते.

पण 'चांगला आवाज' इतकाच प्रश्न असता तर आम्ही हे व्याख्यान दिलंच नसतं. आमच्या उजव्या कानात रातकिड्यासारखी एक किरकिर कायमची येऊन बसली आहे. नोकरीच्या काळात एसटीत आणि पॅसेंजरमध्ये स्वस्तातले, कानावर नुसते टेकणारे हेडफोन लावून आम्ही तासन् तास ऐकलं. बाहेर खडखडाट वाढला की आत आवाज वाढवायचा, हा आमचा शिरस्ता. वयाचा दोष वेगळा काढला तरी उरलेला आमचाच. जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप असं: प्रौढाने आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर पातळी सरासरी ८० डेसिबलपर्यंत, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. तेव्हा प्रवासाच्या हेडफोनचा पहिला गुण आम्ही हा मानतो, की धावत्या गाडीत, घरी ठेवतो तेवढ्याच हळू आवाजात, त्यावर तंबोरा ऐकू यावा. महाग हेडफोनचे पैसे या एका गोष्टीसाठी मोजावेत, मोठ्या आवाजासाठी नव्हेत. नॉइज कॅन्सलेशनची खरी किंमतही इथेच आहे.

मग दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून परतत होतो. थ्री-टियर एसी, समोरच्या खालच्या बर्थवर एकट्या निघालेल्या एक आजी, बडनेऱ्याला उतरणाऱ्या. नातवाने बसवून दिलेल्या. रात्री त्यांनी आम्हाला घरचा चिवडा दिला. सकाळी भुसावळ सुटल्यावर आम्ही हेडफोन चढवला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण तो आपलं काम चोख करत होता. नॉइज कॅन्सलेशन चालू, डोळे मिटलेले, विलंबित सुरू. किती वेळ गेला ठाऊक नाही, वरच्या बर्थवरच्या मुलाने खाली उतरून आमचा खांदा हलवला. आजी घामाने चिंब, हात थरथरत होते. त्यांची साखर उतरली होती, आणि गूळ-बिस्किटांची पिशवी आमच्या सीटखाली सरकली होती. दोन हातांवर बसलेल्या आम्हाला त्या कधीच्या हाका मारत होत्या. मुलाने पिशवी काढून दिली, पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "झोप लागून राह्यली होती का भाऊ?"

आम्ही "हो" म्हणालो.

मित्रहो, आयुष्यभर सत्यावर शिकवलं आणि तिथे इतक्या सहज खोटं बोललो. खरं सांगायचं तर 'आम्ही जागे होतो, पण तुम्हाला पुसून टाकलं होतं' असं म्हणावं लागलं असतं.

त्या दिवसापासून आम्ही परीक्षणं वेगळ्या नजरेने वाचतो. 'जग नाहीसं होतं' हे त्यांत स्तुतीचं वाक्य असतं. विमानात हरकत नाही, तिथे शेजारी पट्ट्याने बांधलेला असतो आणि पाहायला हवाई सेविका असते. आपल्या रेल्वेच्या डब्यात आपणच एकमेकांना पाहायला असतो. एक्सएम-४ मध्ये एक सोय आहे: हेडफोन लावणारा स्वतः बोलू लागला की संगीत थांबतं आणि बाहेरचं आत येतं. हुशारी आहे, कबूल. पण दिशा बघा. आपण जगाला हाक मारली तर दार उघडतं, जगाने आपल्याला मारली तर उघडत नाही. उजव्या कपावर तळहात ठेवला की बाहेरचं ऐकू येतं, हेही आहे, पण हात ठेवायला आधी हाक कळायला हवी ना! बाहेरचा आवाज मुद्दाम आत घेणारी अवस्थाही बहुतेकांत असते, ती परीक्षणांत एका ओळीत उरकतात. आम्ही तिला बॅटरीच्या तासांपेक्षा जास्त गुण देतो.

तर त्या तरुण मित्रांना उत्तर. रात्री, डब्यातले दिवे मालवल्यावर, सगळे आडवे झाल्यावर: नॉइज कॅन्सलेशनचा, आवाज निम्म्याच्या खाली. दिवसा, डबा जागा असताना: साधा बंद पाठीचा, केबलचा. तो गडगड थोडी आत येऊ देतो, हाकही येऊ देतो, आणि मानेवर सरकवला की बटणं शोधावी लागत नाहीत. एकच घ्यायची ऐपत असेल तर पहिला घ्या, पण दिवसा कॅन्सलेशन बंद ठेवा. आणि समोर एकटं म्हातारं माणूस असेल तर डोळे मिटू नका, निदान.

आमच्या पिशवीतून डोकावत होता तो केबलवाला. त्याची डावीकडची गादी फाटली आहे, पुढच्या महिन्यात पुण्याला जायच्या आधी बदलायची आहे. कोणाला चांगल्या कापडी गाद्या कुठे मिळतात ते ठाऊक असेल तर व्याख्यानानंतर भेटा. आता प्रश्न घेऊ.