एक की दोन? : सामायिक वंशवृक्षांतील दुबार पूर्वजनोंदी आणि चिकित्सेचा प्रश्न

मराठी वाङ्मयेतिहासाला ‘एक की दोन’ हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या भारदे यांनी ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकर्ते ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती असल्याचे मत ‘सुधारक’ पत्रातून मांडले आणि त्यावर दीर्घकाळ वाद झाला. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीच्या रचना मिसळल्या गेल्या व त्या वेगळ्या काढण्यासाठी अभ्यासकांना मोठे श्रम करावे लागले. या वादांत कोणाची बाजू ग्राह्य ठरली हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. नामसाम्य हा ऐक्याचा पुरावा होऊ शकत नाही, आणि नामभेद हा भिन्नत्वाचा पुरावा होऊ शकत नाही, ही शिस्त त्या वादांनी मराठी अभ्यासकांच्या अंगी बाणवली, एवढेच येथे महत्त्वाचे आहे.

इंटरनेटवरील सामायिक वंशवृक्षांत ही शिस्त फारशी पाळली जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे. २००७ मध्ये सुरू झालेले ‘जेनी’, २००८ चे ‘विकीट्री’, तसेच ‘फॅमिलीसर्च’चा वंशवृक्ष या सर्वांचे मूळ सूत्र एकच : सर्व मानवजातीचा एकच वृक्ष आणि त्यात प्रत्येक व्यक्तीची एकच नोंद. सूत्र उदात्त आहे. एकाच आजोबांची दहा नातवंडे दहा ठिकाणांहून नोंद करतात, किंवा कोणी आपली जुनी ‘जेडकॉम’ फाइल संपूर्णपणे चढवितो, तेव्हा आजोबा दहा होतात. ते पुन्हा एक करणे आवश्यकच असते. संगणक नाव, आप्तांची नावे, सन आणि स्थळ जुळवून संभाव्य जोड्या सुचवितो आणि एखादा सदस्य त्या विलीन करतो. या कामास सामान्यतः साफसफाईचे स्थान दिले जाते. वास्तविक ते संपादनाचे काम आहे, आणि मराठी घराण्यांच्या बाबतीत तर ते विशेष जोखमीचे आहे.

ही जोखीम कोठून येते हे पाहण्यासाठी नागपूरकर भोसल्यांचे उदाहरण घेऊ. आजचा वर्धा जिल्हा त्यांच्याच राज्यात मोडत होता. नागपूरच्या गादीचे संस्थापक पहिले रघुजी (मृत्यू १७५५) हे बिंबाजींचे पुत्र. त्यांच्या जानोजी, मुधोजी, साबाजी व बिंबाजी या चार पुत्रांपैकी शेवटच्याचे नाव आजोबांचेच. म्हणजे बिंबाजीचा मुलगा रघुजी आणि रघुजीचा मुलगा बिंबाजी. जानोजींना पुत्र नसल्याने त्यांनी बंधू मुधोजींचा मुलगा दत्तक घेतला. तो दुसरा रघुजी (मृत्यू १८१६). त्याचा जन्मदाता मुधोजी, पण वारसा जानोजींचा. १७७२ मध्ये जानोजी निवर्तल्यावर साबाजी व मुधोजी यांच्यात कलह पेटला आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारला गेला, त्याचे कारण या दत्तकाच्या हक्कातच होते. पुढे दुसऱ्या रघुजीचा पुतण्या गादीवर आला, तो इतिहासात अप्पासाहेब म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे खरे नाव मुधोजी, म्हणजे पुन्हा आजोबांचे. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याला पदच्युत करून ज्या अल्पवयीन मुलास गादीवर बसविले, तो दुसऱ्या रघुजीच्या मुलीच्या वंशातील बाजीबा. त्याचे नाव ठेवले रघुजी. हा तिसरा रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारला, राज्य खालसा झाले, आणि त्यानंतर दत्तक आलेल्या यशवंतरावांना नाव मिळाले जानोजी.

या एका घराण्यात सामायिक वृक्षाला पडणारे जवळजवळ सर्व पेच आढळतात. तीन रघुजी, दोन जानोजी, दोन बिंबाजी हे एकसारखे दिसतात, पण ते भिन्न आहेत. उलट अप्पासाहेब आणि मुधोजी, बाजीबा आणि रघुजी हे भिन्न दिसतात, पण ते एक आहेत. यंत्राची सूचना नेमकी उलट दिशेने धावण्याचा संभव येथे सर्वांत अधिक. त्यातच रोमन लिपीत भोसले, भोंसले, भोंसला अशी रूपे जुन्या इंग्रजी कागदांतून आलेली. म्हणजे आडनावाची खूणही विश्वसनीय नाही. राजघराण्याच्या बाबतीत इतिहासकारांनी ‘पहिला’, ‘दुसरा’ अशी क्रमवाचक विशेषणे जोडून ठेवली आहेत, बखरी व पत्रव्यवहार छापले गेले आहेत. म्हणून चूक झाली तरी ती कोणीतरी दाखवून देईल. सामान्य शेतकरी कुटुंबाला ही सोय नसते.

समजा, हिंगणघाटकडील एका कुटुंबात गणपत, महादेव, गणपत, महादेव असा क्रम आहे. नातवाला आजाचे नाव ठेवण्याची रीत पाहता हे काल्पनिक उदाहरण कोणत्याही गावात सापडावे. एका शाखेने चारही पिढ्या नोंदविल्या, दुसऱ्या शाखेला खालचे गणपत व महादेव एवढेच ठाऊक. कोणाच्याच जन्माचे सन निश्चित नाहीत. फार तर अंदाजाने पंचवीस वर्षांचे अंतर धरलेले. संगणक ही दुसरी जोडी वरच्या जोडीशी जुळवितो व एखादा उत्साही सदस्य ती विलीन करतो. परिणामी दोन पिढ्या गळतात, पणतू एकदम मुलगा होतो आणि चुलत आजे भाऊ होऊन बसतात. एखादा मनुष्य स्वतःचाच आजोबा ठरला तर यंत्रणा बहुधा हटकते. पण वर सांगितलेली चूक तिच्या नजरेस येत नाही, कारण तयार झालेला वृक्ष दिसायला निर्दोष असतो. दुबार नोंद राहिली तर वृक्ष अव्यवस्थित दिसतो, आणि तो दोष निदान दिसतो तरी. चुकीच्या विलीनीकरणाने दोष झाकला जातो. म्हणून या दोन चुकांना समान लेखणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. दुसरी चूक कितीतरी गंभीर आहे.

यावर पुष्कळांचे उत्तर असते की, कागदपत्रे पाहावीत. विदर्भात असा मुख्य कागद म्हणजे गावचे कोतवाल बुक. त्यातील जन्मनोंद पाहिलेल्यांना ठाऊक असेल की, अनेकदा बापाचे नाव, जात व तारीख असते. अपत्याच्या रकान्यात मात्र केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. म्हणजे अमुक वर्षी गणपतला मुलगा झाला, एवढेच सिद्ध होते. तो मुलगा महादेव, की लहानपणी दगावलेला त्याचा थोरला भाऊ, हे शाळेच्या दाखलखारीज रजिस्टराशी पडताळून ठरवावे लागते. आणि तेथील जन्मतारीख कित्येकदा गुरुजींनी अदमासाने घातलेली.

हा केवळ हौसेचा प्रश्न असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु जातवैधता प्रमाणपत्रासाठी आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी शपथपत्रावर वंशावळ सादर करतात, हे प्राध्यापकवर्गाला नव्याने सांगायला नको. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचे पुरावे त्या वंशावळीतील व्यक्तींशी जोडावे लागतात. वंशावळीत एक पिढी गळली किंवा दोन सख्ख्या शाखा एक झाल्या, तर अस्सल कागदही उपयोगी पडत नाही. कारण कागदावरचा गणपत व वंशावळीतला गणपत यांचा मेळ बसत नाही. इंटरनेटवरील वृक्ष हा पुरावा नव्हे, हे खरे. तथापि घरातील वृद्ध मंडळी गेल्यानंतर तरुणांना पूर्वजांची नावे जेथून सहज मिळतील तेथूनच ती घेतली जाणार, आणि एकदा शपथपत्रात उतरलेली चूक मग ‘कुटुंबाचे म्हणणे’ बनते.

येथे एक सामाजिक विषमताही लक्षात घ्यावी लागते. विसाव्या शतकात अनेक कोकणस्थ घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. त्यांत दोष असतील. पण वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या माहितीची छाननी करणारे संपादक मंडळ तेथे असे, आणि न जुळणाऱ्या शाखा स्वतंत्र ठेवण्याचा संयमही पुष्कळदा दिसतो. वर्धा जिल्ह्यातील कुणबी, तेली, कोष्टी, महार, गोंड कुटुंबांपैकी बहुतेकांच्या वाट्याला असा ग्रंथ आला नाही. त्यांच्यासाठी सामायिक वृक्ष हीच पहिली लिखित वंशावळ ठरण्याचा संभव आहे. ज्यांच्याकडे चूक ताडून पाहायला दुसरे पुस्तकच नाही, त्यांच्या बाबतीत विलीन करणाऱ्याची जबाबदारी वाढते.

स्थळांच्या नोंदीबाबत येथील अभ्यासकाने विशेष सावध असावे. कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात, कारंजा (लाड) वाशीममध्ये. आष्टी आपल्याकडे आहे तशी बीडमध्येही आहे. सेलू येथे आहे तसे परभणीतही आहे. उलटपक्षी, एकच गाव अनेक नावांखाली येते. १८६२ पूर्वी वर्धा नावाचा जिल्हाच नव्हता. हा मुलूख नागपूर जिल्ह्यात होता, आणि जिल्ह्याचे ठाणे १८६६ मध्ये पालकवाडीस येऊन तेथे वर्धा शहर वसले. पुढे मध्यप्रांत, १९०३ नंतर मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ मध्ये मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. आर्वीत १९५५ साली जन्मलेल्या व्यक्तीच्या एका नोंदीत ‘मध्य प्रदेश’ व दुसऱ्या नोंदीत ‘महाराष्ट्र’ लिहिलेले आढळले तर ती दोन माणसे मानण्याचे कारण नाही.

दत्तकाचा प्रश्न भोसल्यांपुरता मर्यादित नाही. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये सीकरजवळील काशी का बास येथे कनीराम व बिरदीबाई यांच्या पोटी झाला आणि वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. शिवाय गांधीजी त्यांना आपला पाचवा पुत्र मानीत. एका व्यक्तीला लाभलेली ही तीन नाती सारख्या स्वरूपाची नाहीत. पहिले जन्माचे, दुसरे विधीचे व वारशाचे. ही दोन्ही वृक्षात हवीत, आणि तीही एकाच नोंदीला जोडलेली. सीकरकडील नातलगांनी व वर्ध्याकडील नातलगांनी केलेल्या नोंदी भिन्न आईबाप दाखवितात म्हणून त्या वेगळ्या ठेवणे चूक, आणि विलीन करताना एक बाजू पुसणे त्याहून चूक. तिसरे नाते चरित्राचा विषय आहे. ‘जेडकॉम’मध्ये अपत्याचे नाते जन्माचे की दत्तकाचे हे नोंदविण्याची सोय आहे, ती वापरण्याचे कष्ट घेतले जात नाहीत, इतकेच. शालिवाहन शकाला मात्र त्या प्रमाणकाने दिलेल्या कॅलेंडरांत जागा नाही, फ्रेंच क्रांतीच्या कॅलेंडराला आहे. शकाचे रूपांतर करताना ७८ की ७९ मिळवायचे यावरूनही एकाच पूर्वजाच्या दोन नोंदी होतात.

स्त्रियांच्या बाबतीत परिस्थिती अधिक बिकट. माहेरचे नाव व आडनाव विवाहाबरोबर बदलले जाई, त्यामुळे माहेरच्या वृक्षात एक व सासरच्या वृक्षात दुसरी अशी एकच स्त्री दोनदा येते. डॉ. आनंदीबाई जोशी या माहेरच्या यमुना. त्यांचे माहेरचे आडनावही जोशीच असल्याने निदान एक दुवा उरला; तरीही स्वतः त्या रोमन लिपीत आडनावाच्या शेवटी दोन ‘ई’ अक्षरे लिहीत, आणि आज प्रचलित लेखन वेगळे आहे. रमाबाई रानडे यांचेही माहेरचे नाव यमुनाच. ज्या स्त्रियांविषयी चरित्रे लिहिली गेली नाहीत त्यांची माहेरची नावे बहुतेक वंशावळींतून गळून गेलेली असतात, आणि ‘गणपतची पत्नी’ एवढ्यावर दोन सवती एक केल्या जातात.

मग करावे काय? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण केले. सुखठणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संहिता सिद्ध केली, परंतु त्याज्य ठरलेले पाठ तळटीपांत व परिशिष्टांत जपले. पुढील अभ्यासक संपादकाशी मतभेद दाखवू शकतो तो त्यामुळेच. सामायिक वंशवृक्षांतही बदलांचा इतिहास राहतो, पण तो वाचकाच्या दृष्टीआड. विलीन करणाऱ्याने नोंदीच्या दर्शनी मजकुरातच लिहावे : कोणत्या दोन नोंदी एक केल्या, नावाखेरीज आणखी कोणता पुरावा होता, कोणती माहिती जुळली नाही आणि ती कोणाच्या सांगण्यावरून आली. पुरावा अपुरा असल्यास नोंदी शेजारी ठेवून ‘एकच असण्याचा संभव’ एवढी खूण करावी. विकीट्रीसारख्या ठिकाणी नाकारलेली जोडी तशी नोंदवून ठेवण्याची सोय आहे, म्हणजे पुढचा सदस्य तीच जोडी पुन्हा जुळवीत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, अशाने वृक्ष दुबार नोंदींनी भरून जाईल आणि एकमेकांना न ओळखणारे नातलग एकत्र येण्याचा हेतूच फसेल. आक्षेपात तथ्य आहे. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील पूर्वजांबाबत, जेथे नातवंडे हयात आहेत, तेथे चार प्रश्न विचारून संशय फिटतो. तेथे विलंबाचे कारण नाही. त्यामागे गेल्यावर घाई कोणाला आहे? पहिल्या महसुली कागदांपूर्वीच्या काळात दोन गणपतांची एक नोंद करून मिळते ती केवळ एका ओळीची बचत. इतिहास विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकेका गावाची कोतवाल बुके व दाखलखारीज रजिस्टरे घेऊन तेथील दहा-बारा कुटुंबांच्या नोंदी या रीतीने तपासण्याचे काम प्रकल्प म्हणून देता येईल. हयात व्यक्तींची नावे मात्र त्यांच्या संमतीवाचून उघड वृक्षात घालू नयेत, ही अट प्रकल्पाच्या आरंभीच लेखी घ्यावी.