सहसंबंधाची दिशा : सॅलिनास अभ्यासाचे एक वाचन

गरोदर आईच्या प्रसाधनांमुळे मुली लवकर वयात येतात, हे विधान किम हार्ले व सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा हवाला देऊन सर्रास केले जाते. डिसेंबर २०१८मध्ये ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेला हा अभ्यास मुळातून वाचला, तर ते अर्धेच टिकते.

कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोरे हा शेतमजुरांचा प्रदेश. तेथील प्रामुख्याने लॅटिनो कुटुंबांतील स्त्रिया १९९९-२०००मध्ये अभ्यासात सामील झाल्या. गरोदरपणी दोनदा त्यांची लघवी तपासली, नवव्या वर्षी मुलांची; पुढे तेराव्या वर्षापर्यंत दर नऊ महिन्यांनी मुलांची पाहणी झाली. मुली १७९ होत्या. एवढी चिकाटी आपल्याकडे क्वचितच दिसते.

मातेच्या लघवीतील ट्रायक्लोसानचे प्रमाण दुप्पट असता मुलीचे प्रथम रजोदर्शन सुमारे ०.७ महिना आधी आढळले. ‘एवढेच ना?’ असे विद्यार्थी विचारतील. पण हा आकडा दर दुपटीमागचा आहे. प्रमाण आठपट असेल तर तीन दुपटी, म्हणजे सुमारे दोन महिने.

पॅराबेनविषयीचा निष्कर्ष वेगळ्या जातीचा आहे. येथे मोजणी मुलीच्याच नवव्या वर्षाची. वयात येऊ लागलेली मुलगी क्रीम, लोशन अधिक वापरते. तेव्हा जे कारण मानले तेच परिणाम असू शकते. लेखकांनी ही शंका स्वतः नोंदवली आहे, उद्धृत करणारे ती गाळतात. शिवाय ही रसायने शरीरातून लवकर बाहेर पडतात. नवव्या वर्षीचा नमुना फार तर त्या एकदोन दिवसांची साक्ष देतो.

याउलट मिशिगनचे उदाहरण पाहावे. १९७३मध्ये पीबीबी हे अग्निरोधक रसायन चुकून गुरांच्या खाद्यात मिसळले गेले आणि दूध-मांसातून माणसांत पोहोचले. ते चरबीत वर्षानुवर्षे राहते. ब्लँक व सहकाऱ्यांच्या २०००च्या अभ्यासात, गर्भात त्याचा अधिक संपर्क आलेल्या व स्तनपान मिळालेल्या मुलींचे रजोदर्शनाचे सरासरी वय ११.६ वर्षे होते, इतरांचे १२.२ ते १२.७. संपर्क आधी, यौवनारंभ नंतर. येथे दिशा उलटण्याची शक्यताच नाही.

मिशिगनमध्ये कोणी आयांना बोल लावला नाही. सॅलिनासचे निष्कर्ष सांगताना मात्र उपदेश आईच्या साबणापाशीच थांबतो. वास्तविक २०१६मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घरगुती वापराच्या जंतुनाशक साबणांत ट्रायक्लोसानला मनाई केली, ती उत्पादकांना त्याची सुरक्षितता आणि साध्या साबणापेक्षा अधिक उपयोग दाखवता आला नाही म्हणून.